कस्तुराला मामाकडे धाडलं

बोरी, ता. १२ मार्च १९७४

तीर्थरूप रंगनाथदादा व सुमनवहिनी यांस रुख्मिणीचा साष्टांग नमस्कार.

सासूबाई आणि कस्तुरा सेलूला सुखरूप पोचल्या असतील. सासूबाईंना जिना चढवत नाही, त्यांना खालीच झोपू द्या. इकडे गहू काढून झाला. हरभराही बरा आला.

पोरीला अचानक का धाडलं, असं वहिनी विचारतील. सहजच. चार दिस मामाच्या घरी राहील.

सहज नाही, दादा.

हे माळावरच्या महाराजांकडे जाऊ लागले तेव्हा मला आनंदच झाला होता. ह्यांची दारू सुटली. मीही आरतीला जायचे. मग महाराज म्हणाले, गावातल्या सप्त्याला जायचं नाही. मग, माहेरी जायचं नाही. मग, ताप आला तर अंगारा लावायचा, दवाखाना नाही. दरवेळी वाटलं, एवढंच तर आहे.

आपल्या मारुतीपुढं कीर्तनात बाबा उठून म्हणायचे, "बुवा, हे काही पटंना." बुवा हसायचे, पुन्हा समजावायचे आणि आपल्याच घरी जेवायला यायचे.

रविवारी महाराज सगळ्यांसमोर म्हणाले, "कस्तुरा आता मठाची. सेवेला ठेवून जा."

मी म्हटलं, "भावाला विचारून सांगते."

"विचारणाऱ्याचं घर बसतं," महाराज म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली, ती वर केली नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "म्या बी त्याच्या पाया पडले. पण देवाच्या दारातून माणसाला माघारी येता यावं. तितून कोणी यायलंय का? पोरगी माझ्यासंगं दे."

काल हे शेतात गेल्यावर दोघींना मोटारीत बसवलं. दिवेलागणीला ह्यांनी विचारलं, "कस्तुरा कुठं हाय?"

"मामाकडं. मठात जाणार न्हाई ती."

मला वाटलं, हात उचलतील. ते ओसरीवर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "महाराजाला काय सांगू?"

"मी सांगते," म्हटलं.

उद्या आरतीला जाऊन सांगणार आहे. मला तिकडे बोलावू नका. ह्यांना एकटं सोडलं तर ते तिथलेच होतील.

हे न्यायला आले तर बसवा, जेवू घाला, पण पोर देऊ नका. आणि दादा, उद्या मी स्वतः हसत येऊन मागितली, तरी देऊ नका.

आज पुरत्या शुद्धीत लिहिणारी,
तुमची रुख्मिणी