अकराशे घरांच्या वतीने

राजेश्वर, ता. बसवकल्याण

चि. मंजुश्री हिला श्रीपतमामाचे भरपूर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (पत्र संपेपर्यंत हे वाक्य टिकेल याची हमी देत नाही). तुझा गुलबर्ग्याचा उन्हाळा कसा चाललाय, डबेवालीची डाळ अजून पातळच आहे का, आणि तो खोकला गेला का, ते कळव. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर बोललेलं मागे राहत नाही, आणि हा एक अर्ज आहे. शिवाय मी फोनवर बोलायला लागलो की तुझ्या मामीला नेमकं त्याच खोलीत काम निघतं.

तर हकिकत अशी. लोक दाताच्या डॉक्टरकडे जातात का, जात नसतील तर का जात नाहीत, याचा अभ्यास तू ज्या घरोघरच्या आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून करतेस, तीच पाहणी मागच्या महिन्यात आमच्या दारात आली. निलम्मा नावाची हुमनाबादकडची मुलगी, हातात टॅब. गावातली मोजकी घरं निवडली होती, त्यात आपलं. (निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते, असं ती म्हणाली. पण घर बघूनच केली असणार, हे मी ओळखलं.) मी बाज टाकली, चहा सांगितला आणि पुढचा दीड तास एकही प्रश्न वाया जाऊ दिला नाही. घरातल्या एका जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं तरी चालतं, असा त्यांचा नियमच आहे. जाणता कोण, हा प्रश्न तिनं विचारला नाही, इतकं ते उघड होतं.

शेवटी दातांचं आलं. गेल्या बारा महिन्यांत घरातलं कोणी दाताच्या डॉक्टरकडे गेलं का? मी म्हणालो, "आमच्या घरात दाताचा डॉक्टर लागत न्हाई. माझे बत्तीसच्या बत्तीस हायेत, ऊस दातानं सोलतो मी." मग तिनं न जाण्याचं कारण विचारलं आणि वाचून दाखवलं: गरज नाही, लांब पडतं, खर्च, भीती, बरोबर यायला कोणी नाही. मी चौघांच्याही नावावर (मी, मामी, शिवशंकर, सूनबाई) 'गरज नाही' लिहायला लावलं. मुलगी तशी चिकट. म्हणाली, "घरातल्या अक्कांना एकदा विचारू का, अप्पा?" मी म्हणालो, "कामून? मी हाय की." तेवढ्यात आत स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं. मला वाटलं, मांजर.

त्याच आठवड्यात मी तुला फोन केला आणि तू समजावून सांगितलंस की निवडलेलं एकेक घर हजार-अकराशे घरांच्या जागी धरतात; नाव कुठेच येत नाही, पण उत्तर तेवढ्यांचं म्हणून मोजलं जातं. खरं सांगतो मंजू, त्या रात्री मला झोप आली नाही. पंचायतीला मी सात मतांनी पडलो होतो, आणि इथे अर्ज न भरता, प्रचार न करता, एका चहावर अकराशे घरांनी मला निवडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून अमृतप्पाच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगितलं. अकराशे घरांत दाताचं दुखणं नाही, हे मी सरकारला कळवलं आहे, असंही सांगितलं. अमृतप्पा साखर बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग वहिनी सालभरापासून दर आठवड्याला लवंगा कामून नेयलीत, मालक? बिर्याणी करायलीत का रोज?"

दुकानात हसायला सात-आठ माणसं होती. मी हसलो नाही. घरी आलो. मामी जेवत होती. ती नेहमी आमच्या मागून जेवते, त्यामुळे ती कशी जेवते हे मी लग्नापासून पाहिलेलंच नव्हतं. ताटात कडक भाकरीचा चुरा वरणात बुडवून ठेवला होता आणि ती एकाच बाजूनं, डोळे मिटून, एकेक घास सावकाश गिळत होती. मला वाईट वाटलं, मंजू. फार वाईट वाटलं. लगेच म्हणालो, ऊठ, आत्ता बसवकल्याणला दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. तर ती शांतपणे म्हणाली, "मी कशाला जाऊ? मला गरज न्हाई. सरकारात लिवून गेलंय की. आता मी गेले तर तुमी खोटे पडताव."

तुझी मामी चिडली की ओरडत नाही, कायद्यानं वागते. तेव्हा उत्तर बदलणं भाग होतं. निलम्मा जनवाड्याला काम करते आहे असा पत्ता लागला, आणि मागच्या मंगळवारी मी भर उन्हात मोटारसायकलवर जनवाड्याला गेलो. (रस्त्यात दोनदा चुकलो, पण ते बीदरच्या पाट्यांमुळे.) ती एका घरी बसली होती आणि तिथला मालक माझ्यासारखाच ऐटीत सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देत होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "बायकोचं बायकोला विचारा पाहुणे, पस्तावताल." त्याची बायको जी बाहेर आली ती अर्धा तास बोलत होती. दात संपवून ती गुडघ्यांवर आली, तिथून सासूवर. निलम्माची बोटं दुखली. मालक माझ्याकडे असं बघत होता की मी चहा अर्धाच ठेवून उठलो. आणि एवढं करून निलम्मा काय म्हणाली? "इल्ल अप्पा, न्हाई बदलता येत, तुमचं त्याच दिवशी सायंकाळी पाठवलं. आता माझ्या हातात काही न्हाई."

म्हणून हा अर्ज. तू त्या आकड्यांत आहेस. कुठल्यातरी ओळीत राजेश्वरचा एक बत्तीस दातांचा कर्ता पुरुष आणि त्याची काही गरज नसलेली बायको बसली असेल. नाव नसलं तरी ऐटीवरून ओळखशील. त्या बाईच्या पुढचं 'गरज नाही' खोड. माझ्या एका वाक्यानं अकराशे बायकांच्या दाढा बऱ्या झाल्या, हे मला सहन होत नाही. खोडता येत नसेल तर तुझ्या प्रबंधात लिही की या भागातल्या पुरुषांच्या तोंडून बायकांची दुखणी मोजू नयेत. माझं नाव घालायला हरकत नाही.

तुझा,
श्रीपतमामा

ता. क. बत्तीस हा आकडा ढोबळ होता. परवा आरशात मोजले, तेवीस भरले. ऊस शिवशंकर सोलून देतो.

ता. क. आणखी एक. निलम्मानं वाचलेल्या कारणांत 'भीती' होतं ना, ते माझं. दाताच्या डॉक्टरची ती मशीन ऐकली की मला घेरी येते. मामीनं गेल्या दिवाळीत दोनदा 'चला' म्हटलं होतं. मी दोन्ही वेळा शेतातलं काम काढलं. खरं कारण भीती होतं, हे तिला माहीत नाही. तेव्हा तू एक दिवस सुट्टी काढून तिला घेऊन जा. मी दवाखान्याच्या पायरीपर्यंत येईन. पाकीट चिकटवायला मामीकडेच दिलं आहे. ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

मंजू, मी मामी. सुट्टी काढू नको. हे जनवाड्याला गेलते त्याच मंगळवारी अमृतप्पाच्या घरवालीसंग कल्याणला जाऊन दोन दाढा काढून आले. सांजच्याला गाल सुजलेला बघून ह्यांना वाटलं, दुखणं वाढलं. तवापासून रोज सकाळी स्वतः चुलीपुढं बसून मला मऊ भात करून घालायलेत, अन् मी जेवून उठेपर्यंत जवळ बसायलेत. भात करपतोय. तरी अजून पंधरा दिवस तरी ह्यांना काही कळवू नको.