साखळीवरचं स्टेअरिंग
कारंजा, मंगळवार, माघ, १९५४

अंग मोडून आलंय. लढाईतला जुना ट्रक, स्टेअरिंग डावीकडे होतं. मालकाने साखळी लावून ते उजवीकडे आणलं. आज उतारावरच्या वळणावर साखळी निसटली. स्टेअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं, ट्रक सरळच. मागे कापूस वेचणाऱ्या बाया. ब्रेक दाबता दाबता गाडी तुरीच्या वावरात शिरून थांबली, म्हणून सगळे वाचलो. नुसतं फिरत होतं ते. हातांना अजून तसंच वाटतंय.

मालक म्हणाले, "साखळी कसून देतो. उद्या गाडी काढजो."

"मी नाई काढत, शेठजी. स्टेअरिंग पहिल्या जागी बसवा."

"मंग दुसरा डायवर पाहातो."

पाहतील. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तसाच अड्ड्यावर गेलो, एकूणएक डायवरला सांगितलं. कोणी हसलं नाही. नोकरी गेली, हे बायकोला अजून सांगायचंय.