दुसरी शिंक

९ सप्टेंबर
पाऊस उघडला. फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना गाजरगवत पांढरं झालंय. नाक सुरू. ओढणी नाकाला बांधून क्लास घ्यायला गेले. ओले कपडे आजपासून घरातच वाळणार, बाहेर त्यांना फुलांची भुकटी चिकटते. आई म्हणे, "घरात चालाले जागा ठेवशीन का नाही?"

११ सप्टें.
काल दिग्रसच्या डॉ.नी गोळी दिली. परागकणांचा त्रास, साधी सर्दी नाही. रात्री घ्यायची, झोप फार येते. सकाळी आठवीच्या पोरांसमोर डोळे मिटत होते. हे गवत फुलायच्या आधीच उपटायला हवं. जूनमध्ये ग्रा.पं.त बोलले होते. पुढच्या वर्षी आधीपासून मागे लागायचं.

१४ सप्टें.
बाबा युरिया आणायला निघाले आणि मी शिंकले. ते चप्पल काढून खाटेवर बसले. त्यांचा नियम: एक शिंक, थांबा, जोडीनं आली तर चाला. मी पराग, नाक, सगळं समजावलं. घरातली पहिली बी.एस्सी. मी.
"तुयं बरोबर हाय बाई. पण थांबाले काय जाते?"
आता कोणी निघालं की आई मला मागच्या दारी पाठवते. गवत तिथेच सगळ्यात जास्त.

१८ सप्टें.
धाकट्या शीतलचं नर्सिंगच्या यादीत नाव! कागद तपासायला उद्या यवतमाळला, उद्याच शेवटचा दिवस. बाबा सोबत जाणार. पहाटे तिला उठवायचं म्हणून गोळी घेत नाही.

१९ सप्टें.
बाबा उंबऱ्यावर, फाइल शीतलच्या हातात. नाक दाबून धरलं होतं, तरी आलीच. एकच.
बाबा बसले. फाट्यावर एसटीचा हॉर्न. शीतल रडकुंडीला, "ताई, अजून एक मार ना वं!"
दिवसभर शिंकणारी मी, आणि येईना. वाद घालायला वेळ नव्हता. मग मारली. खोटी, जोरात.
"जोड झाली. चाल वं," बाबा उठले. गाडी मिळाली.
अंधश्रद्धेवर पोरांसमोर बोलणारी मी, आणि…

२० सप्टें.
कागद जमा झाले. नक्की काय ते पुढच्या यादीत.
जेवताना बाबा म्हणाले, "दुसरी खोटी होती."
"कशावरून?"
"खऱ्या शिंकेले तुये डोये गयतात."
"मग उठलात काहून?"
"मी बी दुसरीचीच वाट पाहून राह्यलो होतो."

२५ सप्टें.
क्लासहून आले तर मागचं दार मोकळं. बाबांनी कोणाला न सांगता सगळं गवत उपटलं. ऐन फुलावर असताना. घरभर पराग, डोळे सुजले. मी शिंकतच राहिले.

२६ सप्टें.
यादीत शीतल आहे. जागा पक्की करायला उद्या बोलावलंय, पुन्हा पहिल्याच गाडीनं.
बाबांनी आज पहिल्यांदाच विचारलं, "गोयी घेतली का?" माझ्यासाठी की उद्यासाठी, ते मी विचारलं नाही. घेतली.
ते निघताना मी कुठे उभं राहायचं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.