बाबांच्या प्रथिनाचं काम

बाबा, गोल बाजारच्या भांड्यांच्या दुकानात तुमच्या हातून पहिल्यांदा पातेलं निसटलं, तेव्हा मालक म्हणाले होते, "क्या भैया, आज खाना नहीं खाया?" तुम्हीही हसलात. वर्षभरात हातातला घासही तुमच्या तोंडापर्यंत जाईना. आत्या दारातूनच आईला ऐकवायची, "तुह्या हातचं खाऊनच माहा भाऊ वाळला." आई पोळ्या लाटत राहायची. तुम्ही एकदाच ओरडलात, "तिले काहून बोलून राहिली?" आणि मग कितीतरी वेळ तुम्हाला धाप लागली.

तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात. एका प्रथिनात बदल आहे, पण ते प्रथिन शरीरात काय करतं हे कुणालाच माहीत नाही, असं त्यात होतं. म्हणून तर मी हे शिकले. घरातली पहिली पदवीधर झाले. आता प्रथिनांचे डेटाबेस तपासणं हेच माझं काम आहे. अनोळखी प्रथिन ओळखीच्या कुणासारखं दिसतं ते पाहून संगणक त्याच्या कामाचा अंदाज बांधतो.

मागच्या महिन्यात तुमच्या प्रथिनापुढे तीन डेटाबेसमध्ये एकच ओळ दिसली: स्नायू टिकवून ठेवतं. मी तेलीबांध्याच्या ऑफिसातून तडक घरी आले. आई भाजी निवडत होती. "म्हणजे माह्या हातानं नाही झालं?" तिनं विचारलं. जेवणानं असं होत नाही हे मी तिला किती वेळा सांगितलं होतं, पण तिला छापील कारण हवं होतं. ती इतकी रडली की शेजारच्या दीदी धावत आल्या. मग तिनं आत्याला फोन लावला.

नंतर मी त्या ओळीचं मूळ शोधलं. तिन्ही डेटाबेसनी एकमेकांचंच उतरवून घेतलं होतं. मुळाशी संगणकाचा एक अंदाज, तोही पुसटशा साम्यावरून. प्रयोग कुणीच केलेला नव्हता. त्या तिघांतला एक डेटाबेस आमच्या ऑफिसचा, आणि त्यातली अशी ओळ काढणं माझंच काम. उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबांचा इलाज तिच्या भरवशावर ठरला तर? काल मी ती काढली आणि 'कार्य अज्ञात' असं लिहिलं.

घरी आले तर बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा उकळत होता. तुम्ही गेल्यावर आईनं तो कधीच केला नव्हता. "कसा झाला?" तिनं विचारलं. "मस्त," मी म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतला.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, बाबा. तुम्हाला लिहिलेला हा कागदही मी ऑफिसातच ठेवणार आहे. घरी तिच्या हाती लागेल.