रूपालीचा अंगठा

३ फेब्रुवारी

पुन्हा नापास! हसनैनभाईच्या रेशन दुकानात साऱ्यांसमोर अंगठा लावला — नाही लागला. मग एकेक करून सारे बोटं लावले. काहीच नाही! "सुईनं घासले असतीन तुह्ये बोटं," हसनैनभाई म्हणे. मी शिलाई करते म्हणून. मी हो म्हणलं. सुईचा काय दोष!

कार्डावरच्या प्रत्येकाची केवायसी पाहिजे. महिनाअखेर नाही झाली तर नाव कटते.

मले माहीत आहे माह्या नावावर कोणाचे बोटं आहेत. माह्या मेलेल्या बहिणीचे.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. शाळेत आधारचा कॅम्प आला तेव्हा माह्ये डोळे आले होते — लाल, चिकटलेले. डोळ्यांची मशीन असे डोळे घेते का कुठं! रूपाली म्हणे, "तू घरी राह्य वं वर्षे, मी बसते तुह्या नावावर." बसली. बोटं, डोळे, चेहरा — सारं तिचं, नाव माह्यं. लगेच स्वतःच्या नावावर कशी बसणार? ऑपरेटर तोच, अन् एकाच माणसाचे बोटं मशीन दोन नावांवर घेत नाही! मग आठवड्यानं दुसऱ्या गावच्या कॅम्पात मी तिच्या नावावर बसली. किती हसलो आम्ही! माय म्हणे, "आधारच्या फोटोत कोण ओळखू येते बाप्पा!"

आजवर सारं ओटीपीवर निभावलं. आता मशीनले माणूसच पाहिजे.

९ फेब्रुवारी

मोबाईलवर चेहरा दाखवूनही केवायसी होते म्हणे. माह्या नावावर नाहीच झाली. रूपालीचं नाव लग्नानंतरही आमच्याच कार्डावर राह्यलेलं. काय सुचलं कोणास ठाऊक, तिचं नाव टाकून मोबाईलसमोर डोळे मिचकावले.

झाली! 'रूपाली बबनराव. पडताळणी यशस्वी.'

फोन उलटा ठेवला. आरशाकडे पाहिलंच नाही.

१० फेब्रुवारी

माय चुलीजवळून हाक मारून राह्यली — "रूपे, पाणी आण." चुकून. मी ओ दिली.

१४ फेब्रुवारी

बाबासोबत रिसोडले आधार केंद्रावर गेली. तिथली पोरगी म्हणे, "हे बोटं रूपालीच्या नावावर हाये. त्या कुठं हायेत?"

बाबा म्हणे, "वारली."

"मंग मृत्यूचा दाखला आणा. त्यांचं बंद होईन, मंग यांचं पाहू."

म्हणजे मी जिवंत व्हायचं तर तिले माह्या हातानं मारायचं! जीपमध्ये बाबाले म्हणलं, "मी नाही देत दाखला." बाबा चिडले — "काहून? दोन वर्षं झाले जाळून! आता तुयंबी नाव घालवतं का?" मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले त्यायनं.

१७ फेब्रुवारी

झोप नाही. कोणाले जाळलं आपण? कारंज्यात भाऊजीचा मार खाऊन खाऊन ती एक दिवस घरातून निघून गेली. मग नदीत बाई सापडली. चेहरा नव्हताच. बाबानं हिरव्या साडीवरून ओळखलं. साडी मीच दिलेली, शेलूबाजारची. दुकानात तशाच साड्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा होता! तेव्हा बाबाचंच खरं धरलं मी. भाऊजी तर दाखला घेऊन मोकळा झाला.

ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडेच होती. तेव्हापासून माह्यं आधार कार्डही सापडत नाही. नंबर पाठ आहे म्हणून चालून गेलं.

२१ फेब्रुवारी

शिलाई मशीनवर बसली की पायडलवर दुसऱ्या कोणाचा पाय असल्यासारखं वाटते. मायले सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी

हरली मी. उद्या बाबाजवळचा दाखला देते. रूपे, माफ कर वं.

२६ फेब्रुवारी

दाखला पिशवीत घेऊन निघाली. हसनैनभाईनं दुकानातून हाक मारली — "वर्षे, आता कायले हिंडतं? झाली न तुही केवायसी! काल परभणीच्या दुकानात. अंगठा पहिल्याच बारीले लागला."

काल मी दिवसभर इथंच रिठदात, घरी होती.

"हो," म्हणलं, "गेली होती मी परभणीले."

घरी येऊन दाखला चुलीत घातला. जिवंत आहे माही रूपी! भाऊजीले याचा वाससुद्धा लागू देणार नाही.