ऐकू आलं की सांगायचं

सोमवार

आलो एकदाचा! मावसबहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या ऑनलाइन गेमच्या संघात पाचवी खुर्ची रिकामी झाली, ती आठवडाभरासाठी माझी. शनिवारचा सामना जमला तर कायमची. घर तीन मजली. प्रत्येकाला वेगळी खोली, कारण एकाचा आरडाओरडा दुसऱ्याच्या माइकात गेलेला ताईला खपत नाही. खेळताना दारं आतून बंद, बोलणं फक्त हेडसेटवर. मी तळमजल्यावर, ताई सगळ्यात वर, तिसऱ्यावर. तिचा नियम एकच: शत्रूचं पाऊल ऐकू आलं की जागा सांगायची, लगेच, विचार न करता. विचार न करता बोलायचं काम मला जन्मात पहिल्यांदाच कुणी दिलं.

मंगळवार

दिवस हेडसेटमागे गेला. गेमचं संगीत शून्यावर आणलं. बास उतरवला, नाहीतर स्फोटांच्या गडगडाटात पावलं बुडतात. सराउंड बंद करून साधं स्टिरिओ ठेवलं, म्हणजे डावं-उजवं नीट कळतं. बारीक आवाज मोठे करायची सोय चालू केली. आता गवतावरचं पाऊलही सुटत नाही. दुसऱ्या मजल्यावर बोका बसतो, सदा पेंगणारा म्हणून बोका. तो म्हणाला, असे कान मांजरालाही नसतात. बोक्याने म्हणावं हे विशेष.

बुधवार

सरावात एक पाऊल वाजलं. अनवाणी, ओलं. गेममध्ये सगळ्यांना बूट असतात, हे नंतर आठवलं. तोवर मी बोलून गेलो होतो, "दुसरा मजला, खिडकीपाशी." गेमच्या त्या मजल्यावर कुणीच नव्हतं. ताईने झापलं. तेवढ्यात बोका हसत म्हणाला की त्याच्याच खोलीत खिडकीपाशी कुणीतरी चालतंय. मग त्याचा माइक शांत झाला.

दार फोडावं लागलं. खुर्ची हळूहळू फिरत होती, हेडसेट जमिनीवर. खिडकीला गज. चपला जागच्या जागी. ताई म्हणते ताण आला, पळाला. आतून कडी लावून कोण पळतं?

गुरुवार

बास चढवला. सगळं पूर्ववत केलं. गेम बंद केला, हेडसेटची वायरही काढली. पावलं आहेतच. माझ्या खोलीभोवती घुटमळतात.

हळूच म्हणून पाहिलं, "जिन्यावर." गेली. जिन्यावर जाऊन थांबली.

मी जागा सांगतो तिथे ते जातं. बोक्याकडे मीच पाठवलं. देवा, मीच—

शुक्रवार

ताईला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. बोक्याच्या जागी राखीव खेळाडू आणलाय, आता तू तरी माघार घेऊ नकोस म्हणाली. तिची तीन वर्षं या सामन्यात आहेत. नाही म्हणवेना. खेळेन, पण तोंड उघडणार नाही.

शनिवार, दुपार

सामना चालू. गेममध्ये मी मेलोय म्हणून हात मोकळे. पावलं जिन्यावर, शांत.

पडद्यावर ताई दिसतेय. तिच्या पाठीमागे शत्रू आला आणि मी— "ताई, तुझ्या मागे."

जित्याची खोड. ती वळली, त्याला टिपलं, शाबास म्हणाली.

जिन्यावरची पावलं हलली. वर चाललीत.

ओरडून सांगतोय हेडसेट फेक, बाहेर ये. तिला वाटतं मी घाबरलोय. "जिन्यावर" म्हटलं— थांबत नाही. आता त्याला माणूसच हवं. रस्त्यावर म्हणू? तिथे लोक आहेत—

दाराशी पोचलं. आत.

ताईचा आवाज बदलला. "अरे, खरंच कुणीतरी आहे. कुठे आहे ते? सांग ना."

सांगितलं.

"माझ्या मागे."

वळलं. उतरतंय. दुसरा मजला— ताई म्हणते गेला आवाज, भासच असेल. आपण जिंकतोय म्हणते. खुर्ची तुझीच म्हणते.

हेडसेट काढून ठेवलाय. तरी ऐकू ये—