ओल्डेवियरची घंटा

हॅम्बुर्ग, मे १९४३

प्रिय आई,

मी धडधाकट आहे. सूप पातळ असतं, पण गरम मिळतं. काळजी करू नकोस.

जर्मनांनी आपल्या ओल्डेवियर गावच्या चर्चमधून उतरवून नेलेली घंटा मला इथे धक्क्यावर दिसली. पुराच्या वेळी पणजोबांनी जीव खाऊन वाजवली होती ना, तेव्हाची चीर अजून तशीच आहे. आजोबा गेले तेव्हाही हीच वाजली होती. मी बोटाने हळूच टकटक केलं, तर इथल्या सक्तीच्या कामातला माझा जोडीदार एप्पो म्हणाला, "अरे येड्या, गावापर्यंत ऐकू जायचं नाही!" दोघंही हसलो.

उद्या आम्हालाच ती वितळवायला भट्टीकडे ढकलायची आहे. नाही म्हणायची सोय नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? आणि आई, आता गावात कुणी गेलं तर कळतं कसं गं?

तुझाच लेक,
हार्मेन